उपवास कोणी करावा?



'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. पण तिच्यात तथ्य आहे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी गुळातली रताळी, अधूनमधून चहा. दिवस असा गेला तर सुटी भाकरीला मिळाली, पोटाला नाही.

साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातील जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, प्रथिने मात्र एक ग्रॅमही भरत नाहीत. कुणी म्हणेल, रूढीच तशी आहे! पण हा कंद, बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतरच्या काळात ती आपल्याकडे आली. म्हणजे उपवासाचे ताट आपल्या वाडवडिलांनी एकदा बदललेले आहे. आपणही राजगिरा, दूध, ताक, फळे यांना त्यात जास्त जागा द्यावी. त्याने व्रत काही मोडत नाही.

हल्ली सोळा तास उपाशी राहून आठ तासांतच खाण्याची पद्धत निघाली आहे. महाराष्ट्रात कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच जेवण्याचा प्रचार केला. यात वेळेचा वाटा किती? चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. आहार सर्वांचाच कमी केला. एका गटाला मात्र सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याचे बंधन घातले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन दोन्ही गटांचे उतरले. वेळेच्या बंधनाने विशेष जास्त उतरले असे दिसले नाही. तेव्हा घड्याळ पाळावे, पण हात आखडल्याखेरीज त्याचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाने रात्री लवकर व थोडके जेवावे, त्याचे भलेच होईल. पण आपल्या घरात उपवास करते कोण? बहुधा दिवसभर खुरपणी करून सर्वांच्या शेवटी जेवणारी बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी सारे तिच्याकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्याला उपवास हवा तो दुप्पट खातो आणि जिला अन्न हवे ती उपाशी राहते, असा हा उलटा न्याय आहे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि वाढत्या मुलांनी लांब उपवास करू नयेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. देव काही एवढी परीक्षा पाहत नाही.

गुरुजनांना एक विनंती. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, काल घरात कोणी काय खाल्ले, आणि आई केव्हा जेवली? उत्तरे फळ्यावर लिहा. आरोग्याचा धडा त्यातूनच सुरू होईल.

आणि घरच्या कर्त्या पुरुषांनो, पुढच्या एकादशीला उपवास तुम्ही धरा. बाईंना पोटभर जेवू द्या.