कृष्णविवर आणि मक्याचें शेत

चित्रपटाविषयीं बोलण्याचा अधिकार मजसारख्या मॅट्रिक मास्तराला कितपत आहे, अशी शंका आपल्या मनांत आली असेल. ती रास्त आहे. जालना जिल्ह्यांत मुलांना भूगोल व शास्त्र शिकविण्यांत माझीं ३६ वर्षें गेलीं. त्या काळांत चित्रपटगृहाची पायरी फार तर दहा वेळां चढलों असेन. परंतु २०१४ च्या नोव्हेंबरांत, कार्तिकी पौर्णिमा नुकतीच उलटली असतां, मुंबईस नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानें मला एका प्रशस्त चित्रपटगृहांत नेलें, आणि तेथें जें पाहिलें तें अद्यापि डोळ्यांपुढून हलत नाहीं. चित्रपटाचें नांव 'इंटरस्टेलर', दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन.

पडद्यावर दिसूं लागली ती धूळ. भविष्यकाळांतील पृथ्वीवर पिकांना रोग पडून एकामागून एक धान्य नाहींसें होत आहे, मका तेवढा उरला आहे, आणि धुळीमुळें जेवणाचीं ताटें पालथीं मांडावीं लागत आहेत. आरंभीं कांहीं वृद्ध माणसें या धुळीच्या आठवणी सांगतात. त्यांतील बहुतेक नट नव्हेत. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जीं धुळीचीं वादळें खरोखरीच झालीं तीं सोसलेलीं तीं माणसें असून, त्यांच्या मुलाखती दुसऱ्या एका माहितीपटांतून घेतल्या आहेत. तें ऐकतांना मला माझी आई आठवली. १९७२ चा दुष्काळ ती याच स्वरांत सांगत असे. आणि इतकें मागें तरी कशाला जावयाचें? आदल्याच वर्षीं, २०१३ च्या उन्हाळ्यांत, आमच्याकडील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. माझ्या थोरल्या बंधूंनीं टँकरचें पाणी घालून बाग दोन महिने धरली, आणि मग एके दिवशीं मुकाट्यानें कुऱ्हाड लावली.

चित्रपटाचा नायक पूर्वींचा वैमानिक, आतां शेतकरी. त्याला मुलांच्या शाळेंत बोलावणें येतें. माणूस चंद्रावर गेलाच नाहीं असें तेथील सुधारलेलें पाठ्यपुस्तक म्हणतें, आणि बाई तें ठासून सांगतात! शास्त्राचा शिक्षक या नात्यानें मला संताप आला. परंतु मुख्याध्यापक म्हणाले कीं, जगाला इंजिनियर नकोत, शेतकरी हवेत, तुमचा मुलगा उत्तम शेतकरी होईल. तेव्हां मी चरकलों. मीं आयुष्यभर वर्गांत नेमकें उलट सांगितलें होतें: शिका आणि येथून बाहेर पडा. शेजारीं बसलेल्या मुलालाहि तेंच. दहावीनंतर चुलत्याबरोबर बागेंत राहावें असें त्याच्या मनांत होतें. मींच त्याला मुंबईच्या गाडींत बसवून दिलें.

आतां मुख्य नवल. कृष्णविवरांतून प्रकाशहि सुटूं शकत नाहीं. मग तें दाखवावयाचें कसें? किप थॉर्न या पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं (यांना पुढें २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें) गणितें मांडून दिलीं, आणि त्यांवरून संगणकांनीं चित्रें काढलीं. एकेका चित्राला कधीं कधीं १०० तास लागले, आणि पडद्यावर तर सेकंदाला २४ चित्रें सरकतात! काळ्या गोलाभोंवतीं तप्त वायूचें तेजोवलय आहे. त्याची मागील बाजू झांकली जावयास हवी. पण प्रकाश वांकून येत असल्यामुळें ती वर व खालीं कमानीसारखी दिसते. हंड्याभोंवतीं परात बसवावी आणि तिची मागील कड हंड्याच्या डोक्यावरून व बुडाखालूनहि दिसावी, तसें तें. १० एप्रिल २०१९ रोजीं शास्त्रज्ञांनीं खऱ्या कृष्णविवराचें पहिलें चित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां जुना ओळखीचा माणूस भेटावा तसा मी हरखलों. खऱ्या वलयाची एक बाजू अधिक उजळ आहे. प्रेक्षक गोंधळूं नयेत म्हणून चित्रपटकारांनीं ती असमानता वगळली होती. एवढी सूट क्षम्य मानावी.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ च्या सुमारास कुंडींतील वाटाण्याचें रोप दिवसेंदिवस थोडें थोडें चित्रित करून त्याची वाढ कांहीं क्षणांत दाखविली होती. येथें काळाचा खेळ त्याहून क्रूर आहे. मुलांना मागें ठेवून नवी पृथ्वी शोधावयास निघालेला नायक ज्या ग्रहावर उतरतो, तेथें क्षितिजापर्यंत गुडघाभर पाणीच पाणी. पुढून येणाऱ्या पर्वतप्राय लाटेनें भोंवतालची तरुण मंडळी घाबरली. मी मात्र त्या पाण्याकडे हांवरेपणानें पाहत होतों. त्या ग्रहावरील एक तास म्हणजे येथलीं ७ वर्षें. यानांत परततो तों २३ वर्षें लोटलेलीं, आणि मुलांचे निरोप साठून राहिलेले. ते पाहत तो बाप रडतो. माझ्या मुलानें चष्मा काढून पुसला. त्यानें घर सोडल्याला किती वर्षें झालीं, तीं मीं अंधारांत बोटांवर मोजलीं. अकरा.

देवगिरी एक्स्प्रेसनें जालन्यास उतरलों, तेव्हां बंधु स्टेशनवर आले होते. वाटेंत मीं कृष्णविवर समजावूं लागलों. त्यांनीं नुसतें हूं हूं केलें. मग मुलाकडून ऐकलेली हकीकत सांगितली, कीं या चित्रपटासाठीं कॅनडांत ५०० एकर मका खरोखरीच पेरला होता, आणि चित्रण संपल्यावर तो विकून नफाहि झाला.

बंधु चालतां चालतां थांबले.

"त्यांना पाणी कुठलं, मास्तर?"