संस्थेचा पत्रव्यवहार आणि तिची नोंदवही

(संस्थांच्या संगणक-विभागांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या महाविद्यालयाने, वाचनालयाने किंवा सहकारी संस्थेने स्वतःचा मेल सर्व्हर चालवावयाचे ठरविले, म्हणजे ती आपल्या दारात स्वतःचे टपाल कार्यालयच उघडते. या कार्यालयाच्या एकाच अंगाविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे. आलेले पत्र कोणाचे, हे सर्व्हर कोणाला विचारतो आणि त्याला मिळणारे उत्तर कितपत भरवशाचे असते, हा तो विषय होय.

ई-मेलच्या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ‘एसएमटीपी’ या नावाने लिहून काढले. त्या नियमांनुसार पत्रे स्वीकारणारा व पाठविणारा ‘पोस्टफिक्स’ हा प्रोग्रॅम विट्झे व्हेनेमा यांनी तयार केला. तो १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. पेटीत पडलेली पत्रे वाचकाच्या हाती देणारा ‘डव्हकॉट’ हा प्रोग्रॅम फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांचा. तो २००२ मध्ये आला. हे दोन्ही प्रोग्रॅम कोणत्याही संस्थेला विनामूल्य वापरता येतात.

पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक टपालपेटीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र खाते उघडावे लागे. दहा-वीस माणसांपुरते ते ठीक होते. परंतु जेथे दरवर्षी शेकडो विद्यार्थी येतात व जातात, तेथे ही पद्धत पुरी पडत नाही. यास्तव सर्व पत्ते डेटाबेसमध्ये ठेवावेत आणि सर्व्हरने गरजेनुसार तेथे विचारणा करावी, ही रीत रूढ झाली. त्यासाठी मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांपैकी कोणताही डेटाबेस चालतो. त्यात मुख्यतः तीन तक्ते लागतात : संस्थेची डोमेन-नावे, टपालपेट्या आणि पर्यायी पत्ते. जे डोमेन या तक्त्यात नोंदविले, तेच पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’ या यादीत पुन्हा लिहू नये. अन्यथा एकाच घराला दोन मालक दाखविल्यासारखे होते.

पर्यायी पत्त्यांचा तक्ता विशेष उपयोगी आहे. वाचनालयाचा ग्रंथपाल बदलतो, पण ग्रंथपालाचे पद राहते. लोकांना पदाचा पत्ता द्यावा आणि तो आज कोणाच्या पेटीत जातो, हे तक्त्यात लिहावे. माणूस बदलला की एक ओळ बदलावयाची. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही. पुढच्याच पत्रापासून बदल अमलात येतो. डव्हकॉटही याच डेटाबेसमधून पासवर्ड पडताळतो. मात्र तेथे मूळ पासवर्ड कधीही ठेवू नये. ‘आर्गॉन-२’ किंवा ‘बीक्रिप्ट’ या पद्धतीने केलेले त्याचे न उलगडणारे रूपच ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘या नावाची पेटी आहे काय?’ या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात. ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘आत्ता सांगता येत नाही’. पहिल्या उत्तरावर पत्र स्वीकारले जाते. दुसऱ्यावर ते कायमचे नाकारले जाते आणि त्याचा संकेतांक ५ ने सुरू होतो. तिसऱ्यावर ‘थोड्या वेळाने या’ असे सांगितले जाते आणि त्याचा संकेतांक ४ ने सुरू होतो. डेटाबेस बंद पडला, तर पोस्टफिक्स तिसरे उत्तर देतो. पाठविणारा सर्व्हर ते पत्र आपल्या रांगेत ठेवतो आणि सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पत्र उशिरा पोहोचते, पण हरवत नाही.

खरा धोका निराळाच आहे. डेटाबेस चालू आहे, परंतु विचारणेचे वाक्य चुकले आहे, किंवा नवी यादी भरताना जुनी आधीच पुसली गेली आहे. अशा वेळी डेटाबेस निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. प्रवेश-अर्जाची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्याला ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ असे उत्तर जाते. तो पुन्हा लिहीत नाही, आणि त्याने लिहिले होते हे संस्थेत कोणालाच कळत नाही. बंद पडलेली नोंदवही एक वेळ परवडते. चुकीचे उत्तर देणारी नोंदवही परवडत नाही.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक बदलानंतर ‘पोस्टमॅप’ या आज्ञेने, ‘क्यू’ हा पर्याय देऊन, तक्त्याला थेट प्रश्न विचारावा : एक खरा पत्ता, एक पर्यायी पत्ता आणि एक अस्तित्वात नसलेला पत्ता. शेवटच्या प्रश्नाला काहीही उत्तर येता कामा नये. यादी बदलताना सारे फेरफार एकाच व्यवहारात करावेत, म्हणजे अर्धवट यादी कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. दुरुस्तीच्या काळात पोस्टफिक्समधील ‘सॉफ्ट बाउन्स’ ही सोय चालू ठेवावी. ती प्रत्येक कायम नकाराचे तात्पुरत्या नकारात रूपांतर करते. काम संपताच ती आठवणीने बंद करावी. पोस्टफिक्सला डेटाबेसमध्ये केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा नव्हे; आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल इतरांना वाचता येणार नाही, अशी ठेवावी.

बाहेर जाणाऱ्या पत्रांचीही जबाबदारी आपलीच असते. ओळख न पटलेल्या कोणालाही आपल्या सर्व्हरमार्फत बाहेर पत्रे पाठवू देऊ नयेत. अन्यथा तो अल्पावधीत फसव्या पत्रांचा अड्डा बनतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी डोमेनवर असाव्यात. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने या तिन्ही नोंदी आवश्यक केल्या आहेत. लहान संस्थेनेही त्या ठेवणे हिताचे आहे.

स्वतःचा सर्व्हर चालविणे हे प्रतिष्ठेचे लक्षण नव्हे; ते रोजचे काम आहे. ते नियमितपणे पाहणारी किमान दोन माणसे आणि कागदावर लिहून ठेवलेली कार्यपद्धती नसेल, तर सेवा विकत घ्यावी आणि डोमेन-नाव तेवढे स्वतःच्या ताब्यात ठेवावे. मात्र हे काम अंगावर घेतलेच, तर एक गोष्ट ध्यानी धरावी. आपल्याला ठाऊक नसेल तेव्हा ‘नाही’ असे न सांगता ‘थांबा’ असे सांगणारा सर्व्हरच लोकांच्या विश्वासास पात्र ठरतो.