सायकलवाल्याचा रस्ता



वसंत व्याख्यानमालेत बोलायला विद्वान माणसे येतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर संपले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळताना. सायकलींसाठी सुरक्षित मार्ग आखायला शहरे सरकारकडे पैसे मागतात, हा आजचा विषय. पालमात तो कशाला, असे काहींना वाटेल. पण आपली किती पोरे पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला कामाला गेली आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

मीही १९८९ साली भोसरीला गेलो. आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो आणि चौघांत दोन सायकली होत्या. १९९४ च्या हिवाळ्यात रात्रपाळी सुटल्यावर आमच्यातला एकजण सायकलवरून खोलीवर येत होता. मागून मालमोटार आली. त्याच्या आईला निरोप सांगायला गावी मी आलो होतो. ती माउली एवढेच म्हणाली, "कामावरून येतानाच ना?" तिला वाटले, कामावरून येतानाचे मरण म्हणजे कामावरचेच. मलाही तसेच वाटत होते. कारखान्याने सांगितले, अपघात फाटकाबाहेरचा आहे. कामावरच्या मृत्यूबद्दल आश्रितांना मिळणारे निवृत्तिवेतन त्या घराला कधीच मिळाले नाही.

तेव्हापासून मी कायदा वाचू लागलो. केरळातला एक खटला सापडला. १९७१ च्या जूनमध्ये एक कामगार सायकलवरून कामावर निघाला होता. पाळी साडेचारची, सव्वाचारला, कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर त्याला लॉरीने धडक दिली. लॉरी कोणाची? त्याच्याच मालकाची! पंचवीस वर्षे प्रकरण चालले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ही नोकरीतली इजा नव्हे. न्यायालयाने कायद्याची अक्षरे वाचली, त्यात त्यांचा दोष मी काढत नाही. अक्षरेच अपुरी होती. २०१० मध्ये राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली. घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघात, वेळ-स्थळ-परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला तर, नोकरीतलाच मानायचा असे ठरले. म्हणजे कामगाराची वाट हा त्याच्या कामाचा भाग आहे, हे कायद्याने मान्य केले. रस्ते आखणाऱ्यांनी ते अजून मनावर घेतलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात, वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवा, असा विचार आला. पुण्यात बसच्या वेगळ्या मार्गांबरोबर सायकलमार्गही झाले, आणि २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने आठशे किलोमीटरांहून मोठ्या जाळ्याची सायकल योजना मंजूर केली. २०२० मध्ये केंद्राने शहरांची स्पर्धा लावली. २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत पिंपरी-चिंचवड आणि नागपूर होते, प्रत्येकाला एक कोटी रुपये जाहीर झाले. एका कोटीत रस्ते होत नाहीत. मोजणी होते, नकाशा होतो, दोनचार चौक नीट होतात. माझ्या मते तेच आधी व्हायला हवे, फक्त मोजणारा माणूस कुठे आणि किती वाजता उभा राहतो, तेवढे पाहावे. रविवारी सकाळी बागेपाशी उभा राहिला तर त्याला टोपीवाले हौशी सायकलस्वार दिसतील. पहाटे पाळी सुटताना फाटकापाशी उभा राहिला तर हँडलला डबा लटकवलेली माणसे दिसतील. दोघांचे नकाशे वेगळे निघतील. हौशी माणसाशी माझे भांडण नाही. त्याला पर्याय आहे, एवढेच.

सुरक्षित मार्ग म्हणजे रस्त्याच्या कडेला ओढलेला रंगाचा पट्टा नव्हे. पट्ट्यावर मोटार उभी राहते, भाजीची गाडी लागते, आणि सायकलवाला पुन्हा मालमोटारीपुढे येतो. मध्ये कठडा हवा, आणि चौकात तो मार्ग तुटता कामा नये, कारण धोक्याची जागा चौकच आहे. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मग सरकारी पैशाने टिलबर्ग आणि हेग या शहरांत एकेक नमुन्याचा मार्ग बांधला. मार्ग सुरेख झाले, पण आजूबाजूच्या गल्ल्यांतले सायकलवाले तिथे आले, एवढेच. एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. पुढे डेल्फ्ट शहरात अख्खे जाळे विणले तेव्हा फरक पडला. घरापासून दारापर्यंत वाट सलग नसेल तर मधला सुंदर तुकडा काय कामाचा?

एक आठवण सांगण्यासारखी आहे. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पितळी बिल्ला देत. बिल्ला नसला, दिवा नसला, डबलसीट बसवले, की दंड! सायकलवाल्याने वर्षानुवर्षे कर भरला, पण त्याच्या नावाचा रस्ता मात्र कुठे झाला नाही.

आता आपल्याकडे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. फार चांगले काम. पण त्या सायकलीवरून पोर निघते ती उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर. साखर हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल उतार. पोर उतरणार कुठे? सरकारने सायकल दिली, कडेची दोन हात जागा दिली नाही. नगरपंचायतीने ती मागावी, पण मागताना कागदावर आकडा लागतो. किती मुली, कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर उतरून चालत जातात? हा आकडा मुंबईहून कोणी आणून देणार नाही.

म्हणून येत्या सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला मी वही घेऊन गंगाखेड रस्त्यावर उभा राहणार आहे. लोह्याच्या रस्त्याला अजून माणूस मिळालेला नाही. सभा संपल्यावर ज्याला यायचे असेल त्याने मला दाराशी भेटावे. पेन्सिल माझ्याकडे आहे.