शिकागोचा धूर आणि इलिनॉयचा कायदा

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शिकागो हे नाव कामगार चळवळीला परके नाही. ३ मे १८८६ रोजी मॅकॉर्मिक कारखान्याच्या दाराशी कामगारांवर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली, बॉम्ब पडला आणि पुढल्या वर्षी चार कामगार पुढारी फासावर चढविले गेले. ही हकीकत दर मे दिनाला सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच कानी येतो. १८९३ साली इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी तुरुंगात उरलेल्या तिघांची मुक्तता केली आणि तो खटलाच न्यायाला धरून झाला नव्हता असे लेखी नमूद केले. पुढल्याच वर्षी पुलमन कंपनीतील संप मोडण्यासाठी केंद्र सरकारने फौज धाडली, तेव्हाही या गृहस्थाने जाहीर विरोध केला. १८९६ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले.

याच आल्टगेल्ड यांचे नाव शिकागोच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका सरकारी वसाहतीला आहे. दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ साली, युद्धावरून परतणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी ती उभारण्यात आली. जागा कोणती निवडली? जिथे पूर्वी पुलमन कंपनीची घाण टाकली जाई ती! भोवती पोलाद व रसायनांचे कारखाने, कचऱ्याचे डोंगर, मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र. हेझल जॉन्सन या बाई त्या वसाहतीत राहत. १९६९ साली त्यांचे पती फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारले. शेजारच्या घरांतही तोच रोग दिसू लागला, तेव्हा त्यांनी दारोदार फिरून कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची नोंद सुरू केली आणि १९७९ मध्ये रहिवाशांची संघटना उभी केली. आपल्या वस्तीला त्या ‘विषारी डोनट’ म्हणत. डोनट म्हणजे मध्ये भोक असलेला वडाच समजा. भोकात माणसे आणि सभोवार विष. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, अशा एका विधवेने केलेली ही मोजदाद हा पुढच्या साऱ्या कायद्यांचा एक आरंभबिंदू होय. फेब्रुवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश काढला त्या प्रसंगी त्या हजर होत्या. २०११ साली त्यांचे निधन झाले.

‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द मराठीत थोडा जड वाटतो. त्यामागील प्रश्न मात्र साधा आहे : वीज कोण वापरतो आणि तिचा धूर कोणाच्या छातीत जातो? शिकागोतच याचे उत्तर चिमणीसारखे उंच उभे होते. पिल्सन आणि लिटल व्हिलेज या मेक्सिकन कामगारांच्या वस्त्यांत फिस्क व क्रॉफर्ड ही कोळशावरची दोन वीजकेंद्रे होती. पहिले १९०३ चे, दुसरे १९२४ चे. स्वच्छ हवेचा केंद्रीय कायदा १९७० मध्ये झाला, परंतु जुनी केंद्रे लवकरच आपोआप बंद पडतील या समजुतीने नव्या केंद्रांची कडक बंधने त्यांच्यावर लादली गेली नाहीत. मालकांनी त्यातील खोच बरोबर ओळखली. जुने केंद्र बंद करण्याऐवजी ते डागडुजी करून चालू ठेवण्यातच अधिक नफा होता! २००२ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अंदाज काढला की या दोन केंद्रांच्या धुरामुळे दरवर्षी ४१ अकाली मृत्यू, दम्याचे २८०० झटके आणि तातडीच्या उपचारांसाठी इस्पितळाच्या ५५० फेऱ्या घडत असाव्यात. वस्तीतील आयांना या आकड्यांचे नवल वाटले नसेल. त्यांनी ते रात्री मुलांच्या उशाशी बसून मोजले होते.

दहा वर्षांच्या लढ्यानंतर २०१२ मध्ये दोन्ही केंद्रे बंद झाली. सारे श्रेय चळवळीला देणे मोहक असले तरी खरे नव्हे. स्वस्त नैसर्गिक वायूमुळे कोळशाची वीज बाजारात टिकेनाशी झाली होती आणि नवे केंद्रीय नियम मालकांना परवडणारे नव्हते. पण चळवळ नसती तर तो मुहूर्त किती वर्षे पुढे ढकलला गेला असता? या विजयाला एक कडू बाजूही होती. केंद्र बंद होते त्या दिवशी त्यातील कामगाराचे काय करायचे, याचे उत्तर राज्याच्या कायद्यात नव्हते. धूर थांबला आणि पगारही थांबला. शेजारची वस्ती आणि आतला कामगार यांना एकमेकांसमोर उभे करण्याची ही मालकवर्गाची जुनी हातोटी आहे.

१५ सप्टेंबर २०२१ रोजी गव्हर्नर प्रिट्झकर यांनी सही केलेला ‘हवामान व न्याय्य रोजगार कायदा’ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. राज्यातील खाजगी मालकीची कोळसा व खनिज तेलावरील वीजकेंद्रे २०३० पर्यंत शून्य उत्सर्जनावर आणायची, म्हणजे व्यवहारात बंदच करायची, असे हा कायदा सांगतो. नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांना शेवटची मुदत २०४५ ची. परंतु या मुदती सरसकट एक नाहीत, आणि कायद्याचे खरे मर्म इथे आहे. वंचित वस्त्यांत किंवा त्यांच्यापासून तीन मैलांच्या आत असलेल्या आणि अधिक घातक वायू सोडणाऱ्या केंद्रांवर आधी गदा येते. ज्यांनी सर्वांत अधिक सोसले त्यांची सुटका सर्वांत आधी, हा क्रम प्रत्यक्ष कलमांत उतरविला गेला.

रोजगाराचे कलमही तितकेच मोलाचे आहे. सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प कामगार संघटनांशी करार करूनच उभारायचे, प्रचलित वेतनदर द्यायचा, आणि सरकारी मदत घेणाऱ्या प्रकल्पांतील मनुष्यबळात वंचित गटांतील कामगारांचे प्रमाण १० टक्क्यांपासून सुरू करून २०३० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचे. या गटांत कोण येते? प्रदूषित व दरिद्री वस्त्यांचे रहिवासी, अनाथ मुलांच्या सरकारी संगोपनातून मोठी झालेली माणसे, आणि तुरुंगातून सुटून आलेले. अमेरिकेत किती कृष्णवर्णीय तरुण तुरुंगाच्या वाटेने गेले आहेत हे ठाऊक असलेल्याला या शेवटच्या कलमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बंद होणाऱ्या केंद्रांतील व खाणींतील कामगारांना आगाऊ सूचना, नव्या कामाचे शिक्षण, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती, आणि केंद्राच्या करावर जगणाऱ्या गावांना अनुदान याचीही तरतूद झाली.

मग कोणी म्हणेल, भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात हे घडले कसे? सरळ मार्गाने घडले नाही. वसंत अधिवेशन मे २०२१ अखेर संपले तेव्हा विधेयक पडूनच होते. तंटा होता तो प्रेअरी स्टेट या केंद्रावरून. सुमारे १६०० मेगावॅटचे हे कोळसाकेंद्र २०१२ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे मालक बहुतांशी खाजगी भांडवलदार नसून निरनिराळ्या राज्यांतील नगरपालिकांच्या वीजसंस्था व सहकारी संस्था आहेत. त्यांनी प्रचंड कर्जरोखे काढले होते. केंद्र लवकर बंद झाले तरी कर्ज गावकऱ्यांच्या माथी उरणार होते. पर्यावरणवादी एकीकडे आणि बांधकाम व वीज कामगारांच्या संघटना दुसरीकडे, असा सारा उन्हाळा गेला. अखेर तडजोड निघाली : अशा सार्वजनिक मालकीच्या कोळसाकेंद्रांनी २०३५ पर्यंत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवायचे आणि २०४५ मध्ये शून्यावर यायचे. प्रतिनिधिगृहात ८३ विरुद्ध ३३ आणि सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १७ मतांनी कायदा संमत झाला.

ही तडजोड कमकुवत होती असे म्हणता येईल. राज्यातील सर्वांत मोठ्या धुराड्यालाच सर्वांत लांबची मुदत मिळाली. पण ज्या कामगार संघटनांनी ती मागितली त्यांना शत्रुपक्षात ढकलून देणारे पर्यावरणवादी एक गोष्ट विसरतात. २०१२ मध्ये फिस्क-क्रॉफर्डच्या कामगारांचे काय झाले, हे त्या संघटनांनी डोळ्यांनी पाहिले होते.

कायद्याची तिसरी बाजू पैशाची. सौरऊर्जेला आणि वंचित वस्त्यांच्या योजनांना लागणारा पैसा बराचसा वीजग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो, कंपन्यांच्या नफ्यातून नव्हे. शिवाय एक्सेलॉन कंपनीने बायरनचे अणुवीजकेंद्र १३ सप्टेंबर २०२१ रोजी कायमचे बंद करण्याची धमकी दिली होती, आणि सिनेटचे मतदान नेमके त्याच दिवशी झाले! तीन अणुकेंद्रांसाठी पाच वर्षांत सुमारे ६९ कोटी ४० लाख डॉलरचे साहाय्य मान्य करण्यात आले. पुढे २०२२ मध्ये विजेचे बाजारभाव चढल्यामुळे त्याच कलमाखाली उलट ग्राहकांना बिलात सूट मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो बाजाराचा योगायोग होता. कंपनीचे औदार्य नव्हे.

याच एक्सेलॉनची उपकंपनी कॉमनवेल्थ एडिसन. विधानसभेचे सभापती मायकेल मॅडिगन यांची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या माणसांना नोकऱ्या व कंत्राटे दिल्याचे तिने जुलै २०२० मध्ये कबूल केले आणि २० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मॅडिगन यांना जून २०२५ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. वीजदर जवळजवळ आपोआप वाढवून देणारी जी पद्धत २०११ पासून चालत आली होती, ती २०२१ च्या कायद्याने मोडीत काढली. हे प्रकरण उघडकीला आले नसते तर ते कलम कायद्यात आले असते काय, याची शंकाच आहे.

अंमलबजावणी कूर्मगतीने चालली. वंचित वस्त्यांसाठी आखलेली बहुतेक प्रशिक्षण केंद्रे सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. तोवर सौरप्रकल्प उभे राहत होते. त्यांत शिरण्यासाठी ज्या तरुणांना तयार करायचे होते ते दाराबाहेर थांबले होते. आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधील सत्ता बदलताच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९९४ चा तो आदेश, ज्याच्या स्वाक्षरीला हेझल जॉन्सन हजर होत्या, एका फटक्यात रद्द केला. गरीब घरांवरील सौरऊर्जेसाठी ठेवलेला ७०० कोटी डॉलरचा केंद्रीय निधीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेतला. इलिनॉयचा कायदा मात्र उभा आहे, कारण तो एका माणसाच्या सहीचा आदेश नाही. दोन सभागृहांत मतदानाने संमत झालेला आहे.

इतर राज्यांनीही आपापल्या वाटा काढल्या. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्येच प्रदूषण-परवान्यांच्या लिलावातून येणाऱ्या पैशापैकी २५ टक्के वंचित वस्त्यांच्या हितासाठी राखून ठेवले. न्यूयॉर्कच्या २०१९ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेवरील खर्चाच्या लाभांपैकी किमान ३५ टक्के त्यांच्याकडे जावेत असे ठरविले. वंचित कोण हे ठरविताना कॅलिफोर्निया वंशाचा उल्लेख करीत नाही; हवा, पाणी, दमा, बेकारी, दारिद्र्य यांचे मोजमाप करते. तरीही नकाशावर रंगविलेले ठिपके पुन्हा त्याच वस्त्यांवर पडतात. शब्द पुसला तरी वस्तुस्थिती पुसली जात नाही.

भारतातील कोळसापट्ट्यातल्या साथींनी, मग ते चंद्रपूरचे असोत, कोरब्याचे असोत वा सिंगरौलीचे, एका मुद्द्याकडे बारकाईने पाहावे. इलिनॉयच्या केंद्रातील कामगाराला कायद्याने संरक्षण देता आले, कारण तो हजेरीपटावर होता. ठेकेदाराच्या हाताखाली राख वाहणाऱ्याचे नाव कंपनीच्या पटावरच नसेल, तर केंद्र बंद होताना भरपाई कोणाला देणार? २०१५ पासून देशात जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांच्या १० टक्के इतकी रक्कम त्यांच्याकडे जमा होते. आपल्या जिल्ह्यात तो पैसा कोणत्या गावात कशावर खर्च झाला, याची माहिती प्रत्येक शाखेने मागितली पाहिजे.

आता क्रॉफर्डच्या जागेकडे पुन्हा वळू. केंद्र बंद झाले, पण जमीन वस्तीची झाली नाही. ती नव्या मालकाकडे गेली. ११ एप्रिल २०२० रोजी, छातीच्या साथीने सारे शहर घरांत कोंडलेले असताना, तिथली जुनी चिमणी सुरुंगाने पाडण्यात आली आणि धुळीचा लोट लिटल व्हिलेजच्या घरांवर पसरला. त्या जागी आता सुमारे दहा लाख चौरस फुटांचे गोदाम उभे आहे. त्याच्या फाटकातून डिझेलचे ट्रक ये-जा करतात, आणि त्यांच्या धुराला २०२१ च्या कायद्याने कोणतीही अंतिम मुदत घातलेली नाही.