प्रशिक्षण आणि सेवानिष्ठा

सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, ही समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एकदा नेमणूक झाली की माणूस बहुधा तेथूनच निवृत्त होतो. तेव्हा सरकारी कचेरीत निष्ठेचा प्रश्न उद्भवतोच कोठे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु खुर्चीवर टिकून राहणे वेगळे आणि कामाशी जीव जडणे वेगळे. खेड्यातून दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ असे सांगून माघारी धाडणारा कारकूनही तीस वर्षे नोकरीत टिकलेला असू शकतो.

जॉन मायर आणि नॅटली ॲलन या कॅनडातील दोन अभ्यासकांनी १९९१ साली या बंधनाचे तीन धागे सांगितले. पहिला आपुलकीचा, दुसरा नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीचा, आणि तिसरा आपण येथे राहिले पाहिजे, या कर्तव्यबुद्धीचा. सरकारी नोकरीत दुसरा धागा आयताच बळकट असतो. नियमित वेतन, कायमपणा आणि सेवाज्येष्ठता ही तो विणीतच असतात. पहिला व तिसरा धागा मात्र मुद्दाम वळावा लागतो, आणि ते काम प्रशिक्षण करू शकते. ‘आपल्या वाढीसाठी कोणी वेळ आणि पैसा खर्चिला’ ही जाणीव माणसाला ऋणी करते. आणि काम चांगले येऊ लागले म्हणजे ते आवडूही लागते.

पण एवढ्याने भागते काय? बडोद्याचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार झाला. १९१७ साली तो करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास हजर झाले. इतका विद्वान आणि वचनाला जागणारा नोकर कोणत्या सरकारला नको असेल? परंतु कचेरीतील शिपाई विटाळाच्या भयाने कागद दुरून फेकू लागले. शहरात राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला होता, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अखेर त्यांना बडोदे सोडून मुंबईस परतावे लागले.

येथे उणीव शिक्षणात नव्हती, की शिकणाऱ्याच्या कृतज्ञतेतही नव्हती. संस्थानने एका माणसाला शिकविले. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना माणुसकीने वागावयास मात्र कोणी शिकविले नाही. करार माणसाला कचेरीच्या दारापर्यंत आणू शकतो. त्यापुढे त्याला धरून ठेवते ते आतले वागणे.

त्याच बडोद्यात १९५२ साली, प्रतापविलास राजवाड्यात, रेल्वेचे स्टाफ कॉलेज सुरू झाले. आज ती भारतीय रेल्वेची राष्ट्रीय अकादमी आहे. निरनिराळ्या शाखांचे अधिकारी तेथे प्रशिक्षणासाठी येतात. अशा सहवासाचा लाभ पुस्तकी ज्ञानाहून कमी नाही. हिशेब पाहणाऱ्यास गाडी चालविणाऱ्याची अडचण समजली, म्हणजे पुढे टेबलावर आलेला कागद त्याला नुसता कागद वाटत नाही.

केंद्र सरकारने २०२० साली ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना मंजूर केली. त्यामुळे कर्मचाऱ्याला आता संगणकावरही पाठ घेता येतात. सोय मोठी आहे, धोकाही आहे. पाठ संपविला, प्रमाणपत्र मिळाले आणि काम पूर्वीचेच चालू राहिले, तर प्रशिक्षण हाही एक रकाना होऊन बसतो. नवे शिकून आलेल्याला साहेबांनी ‘येथे असेच चालते’ असे ऐकविले, किंवा महिन्याभरात त्याची बदली भलत्याच टेबलावर केली, तर निष्ठा वाढण्याऐवजी वैताग वाढतो. न शिकलेल्याला निदान आपण काय करू शकलो असतो, याची टोचणी नसते.

शिकून शहाणा झालेला माणूस बाहेर जाईल, अशी शंका काहीजण घेतात. काही जातीलही. पण जमिनीची दप्तरे, सेवानियम, निवृत्तिवेतनाची प्रकरणे यांतील कौशल्य मुख्यतः सरकारी कामातच उपयोगी पडते. शिवाय न शिकविलेला माणूस तेथेच राहिला, तर त्याची किंमत रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला रोज मोजावी लागते.

म्हणून प्रशिक्षणावरील खर्चाचा हिशेब किती वर्ग भरले यावरून करू नये. परतलेल्या माणसाला शिकलेले वापरावयास काम मिळाले काय, वरिष्ठांनी त्याचे म्हणणे ऐकले काय, आणि शिपायापासून साहेबापर्यंत साऱ्यांना शिकण्याची संधी मिळाली काय, हे पाहावे. या तीन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर जेथे मिळते, तेथे निष्ठा मागावी लागत नाही. आणि ती म्हातारीही दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा न घालता दाखला घेऊन घरी जाते.