मृण्मूर्ती आणि ध्यान



ध्यान म्हटले की मिटलेले डोळे आपल्यापुढे येतात. मृण्मूर्ती घडविणाऱ्याचे ध्यान उघड्या डोळ्यांचे असते, आणि मला ते अधिक कठीण वाटते. नामाच्या तंद्रीत चिखल तुडविताना गोरोबाकाकांच्या पायांखाली त्यांचे बाळ आले, अशी कथा आहे. भक्तीची थोरवी म्हणून आपण ती सांगतो. कारागिराने मात्र त्या पायांचा विसर पडू देऊ नये.

तेरेखोल नदीकाठच्या घरांत चतुर्थीला पुजला जाणारा मातीचा गणपती कच्चा असतो. तो पाण्यात विरघळावा हीच त्याची योजना. भाजलेल्या मूर्तीचे तसे नाही. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली माती पुन्हा चिखल होत नाही. म्हणून दोष भट्टीपूर्वीच दिसावा लागतो. जाड मूर्ती आतून पोकळ करावी, सावलीत सावकाश वाळवावी. आत ओल उरली तर १०० अंशांपुढे तिची वाफ होऊन मूर्ती फुटते. मूर्ती गालाला लावून पाहावी. थंड लागली तर अजून थांबावे. आपल्या पावसाळ्यात हे थांबणे फार लांबते. हात आवरून रोज तिच्याजवळ बसणे, हीच ती साधना.

डिचोलीच्या कुंभारांना हे कोणी ध्यान म्हणून शिकविले नाही. त्यांच्या वस्तूंचे मोल करताना आपण केवळ माती मोजतो, हे बरे नव्हे. देवस्थानच्या अग्रशाळेत वर्षातून काही दिवस त्यांचे चाक फिरावे व आपल्या मुलांनी मातीत हात घालावेत, अशी माझी विनंती आहे. समितीने येत्या सभेत तिचा विचार करावा.