तक्त्यात दिसतात ३३, सेलमध्ये असतात ३२.६१

आज एका कोड्याने सुरुवात करू. नुकसानीच्या यादीत दोन शेतकऱ्यांच्या नावापुढे ३३ टक्के दिसतंय. मग एकाला मदत मिळते आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीत आपण धानाच्या नुकसानीची यादी करतोय. मोबाईलवर, गुगल शीट्समध्ये. पहिल्याच्या ०.९० हेक्टर बांध्यांपैकी ०.३० हेक्टरमधलं धान गेलं, म्हणजे ३३.३३ टक्के. दुसऱ्याच्या ०.९२ हेक्टरपैकी ०.३० गेलं, म्हणजे ३२.६१ टक्के. आपण काय केलं? तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून दशांश लपवले. झालं, दोघंही ३३!

आता आपत्तीच्या मदतीचा निकष आहे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान. २०१५ च्या आधी तो ५० टक्के होता. शीटला फिल्टर लावला की ते दिसणारा आकडा बघत नाही, आत साठवलेला बघतं. दुसरा शेतकरी गळतो. तो मात्र ग्रामपंचायतीत लावलेल्या यादीत स्वतःचे ३३ टक्के वाचतो आणि विचारतो, माझं नाव कुणी कापलं? गावात संशय सुरू. कापलं कुणीच नाही, फक्त दशांश लपले होते.

म्हणून पहिला नियम: ज्या कॉलमवर पात्रता ठरते, तिथे दोन दशांश दाखवा. आणि लक्षात ठेवा, फॉरमॅट फक्त आकड्याचा कपडा बदलतो, ‘राउंड’ फॉर्म्युला आकडाच बदलतो. ‘राउंड’ आधी लावला तर ३२.६१ चे खरोखर ३३ होतात आणि नियमात न बसणारा आत येतो.

दुसरी गोष्ट, जमिनीचं क्षेत्र. ०.४० टाइप केलं की शीट शेवटचं शून्य खाऊन ०.४ दाखवतं. गणितात दोन्ही सारखेच. पण आपल्याकडे लोक हेक्टर आणि आर असं वाचतात, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. ०.४० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. ०.४ बघून कुणी ४ आर वाचलं तर? एकराचे चार गुंठे झाले ना राव! कस्टम फॉरमॅटमध्ये ०.०० द्या, शून्य जागेवर राहील. आणि सातबाऱ्यासारखं दोन टिंबांचं ०.४०.०० जसंच्या तसं टाकू नका, शीट त्याला आकडा मानत नाही आणि बेरजेत धरत नाही.

तिसरी गोष्ट, शून्य आणि रिकामी जागा. चार घरांचं उत्पन्न लिहिलं: १२, १०, ८ क्विंटल आणि चौथ्या घराला कुलूप. तिथे शून्य टाकलं तर सरासरी ७.५. रिकामं ठेवलं तर १०. शून्य म्हणजे काहीच पिकलं नाही, रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. बाजूच्या शेऱ्यात ‘माहिती मिळाली नाही’ असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल.

चौथी गोष्ट, बँक खात्याचा नंबर. तो दिसतो आकडा, पण त्याची बेरीज कोण करतं? शून्याने सुरू होणारं खातं नंबर म्हणून टाकलं की पुढची शून्यं उडतात आणि पैसे अडकतात. तो कॉलम आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करा, मग भरायला घ्या.

शेवटचं, टक्केवारीचा मोह. तीन घरांपैकी दोन, हे ६६.६७ टक्के असं लिहिलं की फार मोठा सर्व्हे वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ ते ४९ नोंदींवरचा आकडा कंसात देतात, आणि २५ पेक्षा कमी असतील तर टक्केवारी न देता फुली टाकतात. एवढा मोठा सर्व्हे हात आखडता घेतो, तर आपण सरळ ‘३ पैकी २’ लिहायला काय हरकत आहे?

तर मंडळी, यादी भिंतीवर लावण्याआधी एवढंच करा: निकषाच्या आसपासचे चार आकडे निवडा, प्रत्येक सेलवर बोट ठेवा आणि आत काय आहे ते वाचा. तुमच्या गावच्या यादीत असं काही सापडलं तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!